डोळे आले की घाई कुठे करावी, कुठे करू नये

घरात एकाचे डोळे आले की पहिला हुकूम सुटतो, ‘त्याच्या डोळ्यांत बघू नकोस, तुझेही येतील.’ मग तो बिचारा काळा गॉगल लावून कोपऱ्यात बसतो आणि बाकीचे निर्धास्तपणे त्याच टॉवेलला तोंड पुसतात. चार दिवसांत सगळं घर लालबुंद. बघण्याने डोळे येत नाहीत. आजारी डोळ्यातून गळणाऱ्या पाण्यात आणि चिपडांत विषाणू किंवा जिवाणू असतात. ते पाणी बोटाला लागतं, बोट दाराच्या कडीला, नळाला, मोबाइलला, टीव्हीच्या रिमोटला लागतं. तिथून ते दुसऱ्याच्या बोटावर जातं आणि तो दुसरा नकळत आपला डोळा चोळतो. साखळी एवढीच आहे. गॉगलचा फायदा लावणाऱ्याला होतो. उजेड टोचत नाही, धूळ-वारा लागत नाही आणि हात सारखा डोळ्याकडे जात नाही. समोरच्याचं रक्षण त्याने होत नाही.

हा समज इतका चिवट का, तेही कळण्यासारखं आहे. आजाऱ्याच्या डोळ्यांत डोकावून ‘बघू, किती लाल झालाय’ म्हणणारा माणूस बहुधा त्याच घरात राहणारा, त्याच बाकावर बसणारा असतो. दोन दिवसांनी त्याचे डोळे येतात आणि दोष बघण्यावर जातो. टॉवेल, उशी आणि बाक यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

डोळे येणं हा बहुतेक वेळा आपला आपण बरा होणारा आजार आहे. त्यात नजर जाते ती क्वचित आजारामुळे. बऱ्याचदा जाते ती आपण घाईघाईने डोळ्यात घातलेल्या भलत्या गोष्टीमुळे, नाहीतर भलताच आजार ‘डोळे आलेत’ म्हणून अंगावर काढल्यामुळे. त्यामुळे कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं, हे माहीत असणं कुठल्याही औषधाच्या नावापेक्षा उपयोगाचं.

लाल होतो तो कुठला भाग?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. वैद्यकात त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या एरवी जेमतेम दिसतात. पडद्याला सूज आली की त्या फुगतात आणि पांढरा भाग गुलाबी, मग लाल दिसू लागतो. हा पडदा बुबुळाच्या कडेपाशी संपतो, बुबुळावर तो नसतो. म्हणूनच साध्या डोळे येण्यात नजर कमी होत नाही. चिपडाचा तंतू आड आला तर धूसर दिसतं, पण पापण्यांची दोन-चार वेळा उघडझाप केली की पुन्हा स्वच्छ. उघडझाप करूनही धूसरच दिसत असेल, तर सूज या पडद्यापुरती उरलेली नाही असं समजायचं. ही एवढी एक परीक्षा घरातल्या कुणालाही करता येते. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचे, मग डोळे बदलायचे.

कारणं मुख्यतः तीन. सगळ्यांत जास्त आढळतात ते विषाणू आणि त्यांतही ॲडिनोव्हायरस. सर्दी, घसादुखी, बारीक ताप यांच्या आगेमागे डोळे येतात ते सहसा याच्यामुळे. आधी एक डोळा खुपायला लागतो, वाळू गेल्यासारखं वाटतं, पाणी गळतं आणि एक-दोन दिवसांत दुसराही लाल होतो. कानाच्या पुढे बोटाने चाचपलं तर दुखरी गाठही लागू शकते. दुसरं कारण जिवाणू. त्यात पिवळा किंवा हिरवट दाट पू येतो, पुसला तरी थोड्या वेळात पुन्हा जमतो, सकाळी पापण्या घट्ट चिकटलेल्या असतात. लहान मुलांत हा प्रकार मोठ्यांपेक्षा जास्त. तिसरं ॲलर्जी. तिची ओळख खाजेवरून पटते. दोन्ही डोळ्यांना अनावर खाज, सोबत शिंका, आणि दरवर्षी ठरावीक दिवसांत तोच त्रास. ॲलर्जीचे डोळे कुणाकडून कुणाला लागत नाहीत, त्या मुलाला शाळेतून घरी पाठवायचं काहीच कारण नाही.

हे वर्गीकरण कागदावर स्वच्छ दिसतं, प्रत्यक्षात इतकं स्वच्छ नसतं. विषाणूच्या संसर्गातही सकाळी पापण्या चिकटतात. नुसत्या चिपडाच्या रंगावरून ‘हा बॅक्टेरियल आहे, अँटिबायोटिक हवं’ असा निकाल देणारे फार, आणि ते पुष्कळदा चुकतात.

जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या ‘खुपऱ्या’ हीसुद्धा याच पडद्याची व्याधी. एका विशिष्ट जिवाणूने होणारी, पुन्हा पुन्हा होऊन पापण्या आत वळवणारी आणि शेवटी आंधळं करणारी. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारताने तिचं निर्मूलन केल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४मध्ये केली. तिथवर पोचण्यात औषधांइतकाच वाटा चेहरा धुण्याचा आणि स्वच्छ पाण्याचा आहे.

साथ येते ती अशी

जुलै २०२३मध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे यायला लागले आणि काही दिवसांतच रुग्णांची संख्या दोन हजारांवर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तिथले नमुने तपासले, त्यांत एंटेरोव्हायरस सापडला. पुढे ती साथ राज्यभर आणि देशभर पसरली. पावसाळी दमट हवा, न वाळणारे टॉवेल, एका खोलीत शेजारी शेजारी झोपणारी मुलं आणि एकाच बादलीतलं पाणी. अशा विषाणूला आणखी काय हवं?

एंटेरोव्हायरसच्या या घराण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. १९६९मध्ये घानाची राजधानी आक्रा इथे एक नवीच डोळ्यांची साथ आली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे डाग पडत. त्याच सुमारास अपोलो-११मधून माणूस चंद्रावर उतरला होता, तेव्हा लोकांनी या रोगाला ‘अपोलो’ हेच नाव देऊन टाकलं. १९७१मध्ये साथ भारतात होती आणि बंगालमध्ये निर्वासितांच्या लोंढ्यांबरोबर पसरली म्हणून तिथे तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. मुंबईनेही ती साथ भोगली. तिच्या पाठोपाठ मोजक्या रुग्णांच्या पायांतली ताकद गेल्याचं मुंबईचे ख्यातनाम न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. अशी गुंतागुंत अत्यंत दुर्मीळ, घाबरण्यासारखी नाही. पण डोळे येऊन गेल्यावर पाठ-पाय दुखून पायात अशक्तपणा वाटू लागला, तर ‘साथीचा थकवा असेल’ असं म्हणून बसू नये.

या प्रकारात लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांतच डोळे येतात, म्हणून साथ वणव्यासारखी भासते, आणि आठवडाभरात बहुतेक ओसरतेही. ॲडिनोव्हायरस मात्र सावकाश चालतो. लागण झाल्यावर पाच ते बारा दिवसांनी लक्षणं दिसतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि पूर्ण बरं व्हायला दोन आठवडेही लागू शकतात. ‘चौथा दिवस आहे, औषध घालूनही डोळा जास्तच लाल झाला’ ही तक्रार ऐकू येते ती यामुळे. औषध फसलेलं नसतं, आजार त्याच्या वेळापत्रकाने चाललेला असतो. नेमक्या याच दिवशी माणसं डॉक्टर बदलतात, बाटली बदलतात, आणि बरं वाटलं की श्रेय शेवटच्या बाटलीला देतात.

घरी काय करायचं

फारसं काही नाही, पण जे करायचं ते नेटाने. पाणी उकळून थंड करा. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच फिरवा आणि टाकून द्या. पुढच्या वेळी नवा बोळा, दुसऱ्या डोळ्यालाही नवा बोळा. चिपडं वाळून कडक झाली असतील तर कोमट पाण्याचा बोळा मिनिटभर ठेवला की सुटतात, ओढून काढू नका. डोळा खुपत असेल, सुजला असेल तर गार पाण्याची घडी दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. बर्फ थेट पापणीवर नको. ‘आर्टिफिशियल टिअर्स’ म्हणून मिळणारे, अश्रूंसारखा ओलावा देणारे साधे थेंब दिवसातून चार-सहा वेळा घातले की खुपणं बरंच कमी होतं. फ्रिजमध्ये ठेवून घातले तर आणखी बरं वाटतं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. विषाणूने आलेल्या डोळ्यांचा उपचार एवढाच आहे. ऐकून निराशा होते, माहीत आहे. डॉक्टरने फक्त हे सांगितलं तर पैसे फुकट गेले असं वाटणारे आपल्याकडे कमी नाहीत.

थेंब घालणं ही क्रिया सोपी समजतात, पण बहुतेकांचा निम्मा थेंब गालावर ओघळतो. हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की एक पन्हळ तयार होते, त्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना किंवा बोटाला लागता कामा नये. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. त्यामुळे औषध नाकावाटे घशात उतरत नाही आणि कडू चवही लागत नाही. दोन वेगवेगळे थेंब दिले असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मूल डोळे घट्ट मिटून घेत असेल तर त्याला उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाका. डोळा उघडला की तो आपोआप आत जातो. झटापट लागत नाही. एक बाटली एकाच माणसाची. घरात तिघांचे डोळे आले असतील तर तीन बाटल्या.

उरलेल्या घरासाठी नियम एकच, आजाऱ्याच्या डोळ्याला लागलेलं काहीही दुसऱ्याच्या हाताला लागू नये. त्याचा टॉवेल, रुमाल, उशी वेगळी. अभ्रा रोज बदलायचा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. डोळे पुसायला कापडी रुमालापेक्षा कागदी रुमाल बरा, कारण तो टाकून देता येतो. काजळाची पेन्सिल, आय-लायनर, मस्कारा आजारानंतर फेकून द्यायचे, कितीही महाग असले तरी. मोबाइलची काच पुसत जा. हात साबणाने निदान वीस सेकंद धुवा. करोनाच्या दिवसांत सवय लागलेल्या सॅनिटायझरवर इथे विसंबू नका. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण होतं, अल्कोहोल ते फोडत असे. ॲडिनो आणि एंटेरो या दोन्हींना ते आवरणच नाही, त्यामुळे अल्कोहोलला ते पुरते दाद देत नाहीत. साबण-पाणी त्यांना हातावरून वाहून नेतं. ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकून राहतो, तेव्हा दारांच्या कड्या, नळ आणि स्विच ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसणं वाया जात नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स त्याच क्षणी काढायची आणि घरगुती उपचारात एक दिवसही न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा बुबुळाची जखम असू शकतो आणि ती जखम एक-दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकते. लेन्स आणि तिची डबी टाकून द्यायची, डोळा पूर्ण बरा होईपर्यंत चष्मा.

शाळेत कधी पाठवायचं? डोळ्यातून पाणी किंवा पू येतोय तोवर मूल संसर्ग देऊ शकतं. तो थांबेपर्यंत घरी ठेवावं. याला बहुधा आठवडा लागतो, कधी जास्त. परीक्षा आहे म्हणून औषध घालून पाठवून दिलेलं एक मूल पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग घरी बसवतं. मोठ्यांनाही हेच लागू, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या, बाळांना सांभाळणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांना. पोहण्याचा तलाव बंदच. तपासायला गेलात तर दवाखान्याच्या काउंटरवर आधी सांगा की डोळे आलेत. डोळ्यांच्या दवाखान्यांतच साथ पसरल्याची उदाहरणं वैद्यकाला नवी नाहीत, आणि शेजारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा बसलेले असू शकतात.

मेडिकलमधली ती बाटली

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्याकडे डोळे आले की माणूस डॉक्टरकडे न जाता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, ‘डोळे आलेत, काहीतरी द्या.’ हातात पडते ती बाटली नुसत्या अँटिबायोटिकची असली तरी त्यातल्या त्यात बरं. विषाणूवर तिचा उपयोग शून्य, पण मोठा अपायही सहसा नाही. जिवाणूचा संसर्ग असेल तर तो बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत आपणहून जातोच, अँटिबायोटिकने थोडा लवकर जातो. डॉक्टरने दिलं असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण करा, लाली गेली म्हणून दुसऱ्या दिवशी सोडू नका.

धोका आहे तो अँटिबायोटिकमध्ये स्टिरॉइड मिसळलेल्या थेंबांचा. बाटलीच्या लेबलवर अँटिबायोटिकच्या नावापुढे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलेलं दिसलं की समजायचं, यात स्टिरॉइड आहे. कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी विकली जातात, आणि लोकप्रिय आहेत, कारण ती जादू करतात. सकाळी घातलं, संध्याकाळी डोळा पांढरा. ‘त्या मेडिकलवाल्याच्या हाताला गुण आहे’ अशी कीर्ती होते.

होतं काय, तर स्टिरॉइड सूज दाबतं, जंतू मारत नाही. उलट शरीराची जंतूंशी लढण्याची ताकदच त्या जागी कमी करतं. ॲडिनोव्हायरस असेल तर तो डोळ्यात जास्त दिवस राहतो. तोंडावर ‘जर’ उठवणारा हर्पिसचा विषाणूही डोळा लाल करतो आणि सुरुवातीला अगदी साधे डोळे आल्यासारखा दिसतो. त्यावर स्टिरॉइड पडलं की बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम पसरते. बुरशी असेल तर ती आत घुसते. आणि हेच थेंब महिनोन् महिने वापरले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही. काचबिंदूत गेलेली नजर कुठल्याच उपायाने परत येत नाही.

याचे सगळ्यांत दुर्दैवी बळी ॲलर्जीची मुलं. आपल्या उष्ण, कोरड्या भागांत शाळकरी वयाच्या मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, दर उन्हाळ्यात डोळ्यांना भयंकर खाज सुटते, डोळे मळकट लाल दिसतात, दोरीसारखा चिकट स्राव येतो. पहिल्या वर्षी डॉक्टर आठवडाभरासाठी स्टिरॉइड देतात, गुण येतो. त्यानंतर ती चिठ्ठी घराच्या फडताळात जपून ठेवली जाते आणि वर्षानुवर्षं तीच बाटली येत राहते. मुलाच्या डोळ्याचा दाब कुणी मोजत नाही. दहावीत फळ्यावरचं दिसेनासं होतं तेव्हा कळतं. या मुलांसाठी स्टिरॉइड नसलेले ॲलर्जीचे थेंब असतात, ते सलग घालायचे असतात. गार पट्ट्यांनी खाज कमी होते. डोळे चोळू द्यायचे नाहीत, कारण सतत चोळण्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं.

डॉक्टर कधी कधी डोळे आलेल्यालाही स्टिरॉइड देतात हे खरं. पापणीच्या आत पापुद्रे धरले असतील किंवा बुबुळावर बारीक ठिपके उठून दिसायला धूसर झालं असेल तर ते लागतं. पण त्याआधी त्यांनी यंत्राखाली बुबुळ पाहिलेलं असतं आणि पुढे ते दाब मोजत राहतात. तुमच्यासाठी लिहिलेली बाटली शेजारणीच्या डोळ्यांसाठी नसते.

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. मध, कांद्याचा रस, शेवग्याच्या पाल्याचा रस, तुरटीचं पाणी, गुलाबपाणी, आईचं दूध, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. पोटात जाणारी वस्तू आणि डोळ्यात जाणारी वस्तू यांच्या शुद्धतेची मापं वेगळी आहेत. डोळ्याचं औषध निर्जंतुक असावं लागतं, पाट्यावर वाटलेला पाला निर्जंतुक नसतो. सुरम्यात शिसंही असू शकतं, म्हणून बाळाच्या डोळ्यात तो तर नकोच. आजीने घातलं होतं आणि बरं झालं होतं, हे खरं असेल. ते आठ दिवसांत तसंही बरं होणार होतं.

डोळे आलेत असं वाटतं, पण नसतात

इथे घाई करायची. डोळा खुपणं वेगळं आणि खोलवर दुखणं वेगळं. खोल दुखत असेल, उजेडाकडे बघवत नसेल, नजर धूसर झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा लाली बुबुळाभोवती कड्यासारखी एकवटली असेल, तर हे डोळे येणं नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

शेतात काम करणाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. ऊस तोडताना पातं डोळ्याला लागलं, भात झोडपताना तूस उडाला, कापणीत धसकट टोचलं आणि दोन-चार दिवसांनी डोळा लाल होऊन दुखू लागला, तर बुबुळावर बुरशीची जखम होत असण्याची दाट शक्यता आहे. ही जखम सुरुवातीला गरीब दिसते. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडने दोन दिवस बरंही वाटतं. मग बुबुळ पांढरं पडतं, डोळ्यात फूल पडतं, कधी बुबुळाला भोक पडून डोळाच जातो. लवकर ओळखली तर तीच जखम थेंबांनी बरी होऊ शकते, फक्त ते थेंब बुरशीवरचे असतात आणि महिना-महिना घालावे लागतात. वेल्डिंग किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्याचा एकच डोळा लाल असेल तर आत लोखंडाचा कण रुतलेला असू शकतो, तो सुईने किंवा काडीने घरी काढायचा नाही.

चाळिशी उलटलेल्या माणसाचा एक डोळा अचानक लाल झाला, त्याच बाजूचं डोकं ठणकतंय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर तो अचानक उसळलेला काचबिंदू असू शकतो. उलट्यांमुळे अशा रुग्णांना पित्ताची गोळी देऊन घरी ठेवलं जातं. हे तासांचं काम आहे, उद्यावर टाकायचं नाही.

चुना तर याहून तातडीचा. तंबाखूच्या चुन्याची नळी मुलांच्या हाती लागते, दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो. डॉक्टर शोधण्याआधी नळाखाली डोळा धरा, पापणी उघडून किमान पंधरा ते वीस मिनिटं पाणी वाहू द्या, चुन्याचे कण दिसत असतील तर ओल्या कापसाने काढा आणि मगच दवाखान्याकडे निघा. पाण्याच्या त्या पंधरा मिनिटांनी जे वाचतं ते नंतर कुठल्याही शस्त्रक्रियेने तितकं वाचत नाही.

उलटही घडतं. सकाळी आरशात पाहावं तर पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग, माणूस हादरतो. दुखत नाही, पाणी नाही, नजर छान. खोकल्याने, शिंकेने किंवा जोर केल्याने एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन आठवड्यांत डाग आपोआप विरतो. वरचेवर होत असेल, रक्तदाब असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेवढं तपासून घ्या.

राहिली तान्ही बाळं. जन्मल्यापासून महिन्याभराच्या आत बाळाचे डोळे लाल होऊन पू येऊ लागला तर ती थांबण्याची गोष्ट नाही. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला संसर्ग असू शकतो आणि त्यातले काही जंतू दोन-तीन दिवसांत बुबुळ खाऊन टाकतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात कित्येक मुलं याने आंधळी होत. जर्मनीत लाइपझिग इथल्या कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने १८८०च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि हे अंधत्व झपाट्याने घटलं. आज त्याहून चांगली औषधं आहेत, मात्र ती डॉक्टरने द्यायची. आईचं दूध डोळ्यात पिळून दोन दिवस वाट बघण्याचा सल्ला कुणीही दिला, कितीही मायेने दिला, तरी ऐकू नका. बाळाचा डोळा लाल नाही, नुसतं पाणी आणि थोडं चिपड सारखं येतंय, तर अश्रूंची नळी अजून उघडली नसेल. नाकाच्या मुळाशी हलका मसाज शिकवतात, आणि वर्षभरात ती बहुधा उघडते.

हे सगळं वाचून झाल्यावर एक काम मात्र आजच करा. घरातल्या औषधांच्या डब्यात डोळ्यांच्या थेंबांची अर्धवट वापरलेली एखादी बाटली नक्की असेल. उघडल्याला महिना उलटला असेल तर तिची तारीख काहीही असो, ती टाकून द्या. आणि लेबलवर स्टिरॉइडचं नाव असेल, तर ती नवी असली तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही डोळ्यात घालू नका.